कोल्हापुरी चपलेतील किरकोळ दोष

कोल्हापुरी चपलेतील किरकोळ दोष म्हणजे हाताने घडवलेल्या या चामडी पादत्राणात आढळणाऱ्या, परंतु त्याच्या मूळ उपयोगास सहसा बाध न आणणाऱ्या लहानसहान उणिवा होत. रंगातील फरक, ओरखडे, टाक्यांतील असमानता, सुटलेली कड, सैल अंगठा, पाण्याचे डाग, बुरशी इत्यादींचा त्यांत समावेश होतो. यांपैकी काही बाबी वास्तविक दोष नसून कातड्याच्या आणि हातकामाच्या स्वाभाविक खुणा असतात. काही उणिवा घरच्या घरी दूर करता येतात, काहींसाठी चर्मकाराची मदत लागते, तर काही इतक्या मूलभूत असतात की चप्पल परत करणे हाच योग्य मार्ग ठरतो. या चार प्रकारांतील फरक ओळखणे ग्राहकाच्या हिताचे असते. निर्दोष जोड विनाकारण नाकारला गेल्यास त्याची झळ कारागिराला बसत असल्याने हा प्रश्न कारागिराच्या मोबदल्याशीही निगडित आहे.

== पार्श्वभूमी ==

कोल्हापुरी चप्पल हे महाराष्ट्र व कर्नाटकाच्या सीमाभागातील पारंपरिक पादत्राण आहे. कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाली, पुकरी अशा नावांनीही त्याचे प्रकार ओळखले जातात. कोल्हापूर संस्थानाचे अधिपती राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) यांनी या व्यवसायास उत्तेजन दिले. परंपरेने कातडे कमावण्याचे काम ढोर समाजाकडे आणि पादत्राणे घडवण्याचे काम चर्मकार समाजाकडे होते. वेणी विणणे, पट्टे शिवणे यांसारख्या कामांत स्त्रियांचा मोठा वाटा असतो. कोल्हापूर शहरातील सुभाषनगर व जवाहरनगर हे भाग, तसेच कर्नाटकातील अथणी व निपाणी ही ठिकाणे या व्यवसायासाठी प्रसिद्ध आहेत.

डिसेंबर २०१८ मध्ये कोल्हापुरी चपलेस भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ (लिडकॉम) आणि कर्नाटकातील डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ (लिडकर) यांच्याकडे ते संयुक्तपणे आहे. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर या आठ जिल्ह्यांत विहित पद्धतीने तयार झालेल्या चपलेलाच या मानांकनानुसार ‘कोल्हापुरी चप्पल’ हे नाव लावता येते.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात कोल्हापुरी चपलेशी साधर्म्य असलेली पादत्राणे सादर केली. मूळ परंपरेचा उल्लेख न केल्याबद्दल तिच्यावर टीका झाली. त्यानंतर कंपनीने ही रचना भारतीय हस्तकलेपासून प्रेरित असल्याचे मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने लिडकॉम व लिडकर यांच्याशी करार केल्याचे जाहीर झाले. या घडामोडींमुळे कोल्हापुरी चपलेकडे किमती हस्तनिर्मित वस्तू म्हणून पाहणारा नवा ग्राहकवर्ग तयार झाला आणि तिच्यातील बारीकसारीक उणिवांची चर्चाही वाढली.

== रचना ==

चपलेचे तळ आणि वरचा भाग असे दोन मुख्य भाग असतात. तळ चामड्याचे एकाहून अधिक पदर एकावर एक ठेवून तयार केला जातो व टाचेखाली आणखी पदर जोडले जातात. तळाच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या भागांस ‘कान’ म्हणतात. पायावरून जाणारा आडवा पट्टा या कानांना जोडलेला असतो. पायाचा अंगठा ज्यात अडकतो त्या कडीस ‘अंगठा’ असेच म्हणतात. पट्ट्यावर चामड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी असते व काही प्रकारांत गोंडेही लावले जातात.

तळासाठी प्रामुख्याने म्हशीचे जाड चामडे वापरतात, तर वेणी व नाजूक कामासाठी शेळीचे पातळ चामडे वापरले जाते. महाराष्ट्र प्राणी संरक्षण (सुधारणा) कायदा मार्च २०१५ मध्ये लागू होऊन गोवंश हत्याबंदी बैल व वळू यांनाही लागू झाली. तेव्हापासून राज्यात बैलाच्या कातड्याची उपलब्धता घटली असून म्हशीच्या व परराज्यांतून येणाऱ्या चामड्यावरील अवलंबन वाढले आहे.

पारंपरिक पद्धतीत कातडे चुन्याच्या निवळीत ठेवून केस काढले जातात व नंतर बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्काने ते कमावले जाते. कातडे पिशवीसारखे शिवून, त्यात साल व अर्क भरून ते टांगून ठेवण्याचीही पद्धत आहे. या वनस्पतिजन्य प्रक्रियेस काही आठवडे लागतात. क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याचे काम याहून पुष्कळ कमी वेळात होते. पारंपरिक चपलेचे तळ खिळे न वापरता चामड्याच्या बारीक वादीने शिवले जातात. कापण्यासाठी व कड सोलण्यासाठी रापी, तर भोके पाडण्यासाठी आरी ही हत्यारे वापरली जातात.

पुढे वर्णन केलेल्या बहुतेक खुणांचा व दोषांचा उगम या घडणीतच आहे. नैसर्गिक कातडे, वनस्पतींचे टॅनिन, वादीची शिलाई आणि हाताने केलेले माप या चारही गोष्टींत जोडागणिक थोडाफार फरक पडतो.

== खूण आणि दोष यांतील भेद ==

=== कातड्याच्या नैसर्गिक खुणा ===

जनावराच्या हयातीत झालेल्या जखमांचे व्रण, गोचिडांच्या चाव्यांचे ठिपके, शिरांच्या रेषा आणि मानेकडील सुरकुत्या कमावलेल्या चामड्यावरही दिसतात. जाड रंगाचा लेप दिलेल्या चामड्यात त्या झाकल्या जातात. वनस्पतिजन्य चामड्यावर असा लेप सहसा नसल्याने त्या उघड राहतात. भरून आलेला व्रण चामड्यास कमकुवत करीत नसेल तर तो दोष मानला जात नाही. उलट, अशा खुणा चामडे अस्सल असल्याच्या निदर्शक असतात.

एकाच कातड्याचे सर्व भाग सारखे नसतात. पाठीकडील भाग घट्ट व टिकाऊ असतो, तर पोटाकडील भाग सैल असून लवकर ताणला जातो. या भागांची रंग शोषण्याची क्षमताही निराळी असते. त्यामुळे डाव्या व उजव्या चपलेच्या छटेत किंचित फरक राहतो. वनस्पतिजन्य चामडे प्रकाश, तेल व हाताळणी यांमुळे कालांतराने गडद होते आणि हा फरक पुष्कळदा आपोआप कमी होतो.

=== हातकामाच्या खुणा ===

टाक्यांतील अंतर थोडे कमीअधिक असणे, वेणीच्या पेडांची रुंदी तंतोतंत सारखी नसणे, कडेवर रापीचा पुसट माग राहणे, तळावरील ठशांची खोली जागोजागी निराळी असणे या हातकामाच्या खुणा होत. त्यांमुळे पकड, तोल व टिकाऊपणा यांवर परिणाम होत नाही. सर्व बाबतींत काटेकोर सारखेपणा हा यंत्राचा गुण आहे. तो आढळल्यास चपलेची घडण अधिक बारकाईने पाहणे इष्ट ठरते, तथापि केवळ त्यावरून ती नक्कल आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. कुशल कारागिराचे कामही अतिशय सुबक असू शकते.

चालताना होणारा ‘करकर’ आवाज हा अनेक नव्या ग्राहकांना दोष वाटतो. कोल्हापुरी चपलेच्या बाबतीत मात्र तो परंपरेने रुबाबाचे लक्षण मानला गेला असून काही प्रकारांत तो मुद्दाम आणला जातो. ज्या ग्राहकास तो नको असेल त्याने खरेदीपूर्वीच तसे सांगणे श्रेयस्कर असते.

=== खरे दोष ===

पुढील बाबी खुणा नसून दोष समजल्या जातात :

* दोन्ही चपलांच्या लांबीत किंवा पट्ट्याच्या जागेत पायाला जाणवेल इतका फरक असणे.
* तळ वाकवल्यावर चामड्याच्या पृष्ठभागास तडे जाणे.
* कापलेल्या कडेच्या मध्यभागी फिकट, कच्चा पट्टा दिसणे. कमावण्याची क्रिया आतपर्यंत न पोहोचल्याचे हे लक्षण होय.
* कुजल्यासारखी दुर्गंधी येणे. वनस्पतिजन्य चामड्यास मातकट वास असतो, मात्र तो कुजका नसतो.
* तळाच्या पदरांमध्ये चामड्याऐवजी पुठ्ठा किंवा रेक्झीन असणे.
* कान व पट्टा यांच्या सांध्यातील टाका तुटलेला असणे. चालताना सर्वाधिक ताण याच जागी येतो.
* कोरड्या पायालाही रंग सतत लागत राहणे.

यांपैकी पुठ्ठा व रेक्झीन यांचा वापर हा घडणीतील चूक नसून फसवणुकीचा प्रकार आहे. त्यावर कोणतीही दुरुस्ती उपयोगी पडत नाही.

== खरेदीच्या वेळची पारख ==

किरकोळ दोषांवरील सर्वांत सोपा उपाय म्हणजे ते खरेदीच्या वेळीच पाहणे. जोड सपाट जमिनीवर शेजारी ठेवल्यास टाचेची उंची व तोल कळतो. दोन्ही चपला तळाला तळ लावून धरल्यास लांबीतील फरक दिसतो. अंगठ्याची कडी व पट्टा हलकेच ओढून सांध्यांची घट्टी तपासता येते. तळाच्या कडेवरून बोट फिरवल्यास पदर सुटले आहेत का हे समजते. दिवसभराच्या वावराने पाय काहीसे सुजत असल्याने माप सायंकाळी घेणे अधिक बिनचूक ठरते. बहुतेकांचे दोन्ही पाय तंतोतंत सारखे नसतात, म्हणून दोन्ही पायांत घालून काही पावले चालून पाहणे आवश्यक असते.

नवी चप्पल किंचित घट्ट असावी असा संकेत आहे, कारण वापराने पट्टा सैलावतो. मात्र तळाची लांबी वापराने वाढत नाही. टाच तळाबाहेर जात असेल तर ते माप चुकीचे होय.

अस्सलपणाची खातरजमा करता यावी यासाठी लिडकॉमने २०२५ मध्ये कोल्हापुरी चपलांसाठी क्यूआर संकेतचिन्हाची योजना पुढे आणली. असे चिन्ह भ्रमणध्वनीने वाचल्यास कारागीर व निर्मितीविषयीची माहिती मिळते.

== घरगुती उपाय ==

कोणताही उपाय प्रथम टाचेच्या आतील बाजूस किंवा पट्ट्याखाली, न दिसणाऱ्या जागी करून पाहणे आवश्यक असते. वनस्पतिजन्य चामडे तेल व पाणी चटकन शोषते आणि त्याचा गडदपणा पुष्कळदा कायम राहतो.

=== चप्पल चावणे ===

नव्या चपलेचा पट्टा किंवा अंगठा पायाला घासून कातडी सोलली जाणे यास ‘चप्पल चावणे’ म्हणतात. हे ताज्या वनस्पतिजन्य चामड्याच्या ताठपणामुळे होते. पट्ट्याच्या आतील बाजूस खोबरेल तेलाचे किंवा एरंडेलाचे काही थेंब बोटाने चोळून चप्पल रात्रभर ठेवावी व दुसऱ्या दिवशी जादा तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. सुरुवातीचे काही दिवस चप्पल थोडा वेळच वापरावी. तेल एकदम जास्त लावल्यास चामडे लिबलिबीत होते, पट्टा प्रमाणाबाहेर ताणला जातो व धूळ चिकटते. विदर्भात सहज मिळणारे जवसाचे तेल या कामी वर्ज्य मानावे, कारण ते हवेत वाळून घट्ट होते व चामडे कडक करते. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्या व्यक्तींनी चावणारी चप्पल वापरून सैल करण्याचा प्रयत्न करू नये. त्यांच्या बाबतीत लहान जखमही चिघळू शकते.

=== ओरखडे व दाबाच्या खुणा ===

वरवरचा ओरखडा स्वच्छ बोटाने किंवा चमच्याच्या गुळगुळीत पाठीने हलके घासल्यास बराचसा मिटतो. घासण्यापूर्वी जागा किंचित ओलसर करावी. दाबाची खूणही ओलसर फडक्याने काही प्रमाणात उठून येते. पृष्ठभागाचा पापुद्रा निघाला असल्यास तो तोडून काढू नये. तो जागेवर बसवून चर्मकाराकडून चिकटवून घ्यावा.

=== पाण्याचे डाग ===

पाण्याच्या थेंबांनी चामड्यावर गडद कडा असलेली वर्तुळे उमटतात. केवळ डागाची जागा पुसल्यास वर्तुळ आणखी ठळक होते. त्याऐवजी संपूर्ण पट्टा किंवा संपूर्ण वरचा तळ ओल्या फडक्याने सारखा दमट करून सावलीत हळूहळू वाळू द्यावा. त्यामुळे कडा विरतात. नंतर अगदी थोडे तेल लावावे.

=== काळे डाग ===

वनस्पतिजन्य चामड्यातील टॅनिनचा ओलसरपणात लोखंडाशी संयोग होऊन निळसर काळे संयुग तयार होते. हिरडा व लोहक्षार यांपासून पूर्वी शाई करीत, तीही याच क्रियेने. त्यामुळे लोखंडी खिळा, गंजलेली मांडणी किंवा ओल्या पायरीवरील लोखंडी जाळी यांच्या संपर्काने चपलेवर काळे ठिपके पडतात. ताज्या डागावर कापसाच्या बोळ्याने लिंबाचा रस हलकेच टिपून, काही क्षणांत ओल्या फडक्याने पुसून घेतल्यास लिंबातील आम्ल लोहाचा अंश सोडवते. हा प्रयोग वारंवार करू नये, कारण आम्लाने चामडे दुबळे होते. पारंपरिक चपलेत खिळ्यांऐवजी वादी असल्यामुळे हा धोका मुळातच टळतो.

=== पांढरा थर ===

चपलेवर पांढरट थर दिसल्यास तो बुरशीचा आहे की तेलाचा हे प्रथम ठरवावे लागते. चामड्यातील स्निग्धांश थंडीत पृष्ठभागावर येऊन पांढुरका दिसतो. केस वाळवण्याच्या यंत्राची कोमट हवा दुरून दिल्यास तो विरघळून नाहीसा होतो. बुरशीचा थर उष्णतेने जात नाही, तो केसाळ असतो व त्यास दमट वास येतो. बुरशी असल्यास चप्पल घराबाहेर नेऊन, नाकातोंडावर फडके बांधून कोरड्या ब्रशने झाडावी. नंतर समप्रमाणात पाणी मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने ओलसर केलेल्या फडक्याने पुसावी आणि हवेशीर सावलीत वाळवावी.

=== सुटलेली कड ===

तळाच्या कडेचा पदर थोडासा सुटल्यास झटपट चिकटणारा घरगुती गोंद वापरण्याचा मोह होतो. हा गोंद वाळल्यावर काचेसारखा कडक होतो, तळ वाकताच तडकतो आणि पुढील दुरुस्तीत अडथळा आणतो. चर्मकार वापरतात ते रबरी द्रावण लवचीक राहते. म्हणून हे काम त्यांच्याकडूनच करून घेणे योग्य ठरते.

== कारागिराकडील दुरुस्ती ==

उसवलेली वादी, सैल झालेला अंगठा, झिजलेली टाच व तुटलेला कान ही चर्मकाराने करावयाची कामे होत. वादी एका जागी तुटली तरी ती संपूर्ण शिलाईतून फिरलेली असल्याने लगतचे टाके क्रमाने सैल होत जातात. त्यामुळे एक टाका उसवलेला असतानाच दुरुस्ती केल्यास काम थोडक्यात आटोपते. ओले चामडे सहज ताणले जात असल्याने भिजलेल्या चपलेची सैल वादी ओढून घट्ट करण्याचा प्रयत्न करू नये.

दुरुस्ती करून घेताना तीन गोष्टी आधी स्पष्ट कराव्यात. शिलाई चामड्याच्या वादीने करावयाची की नायलॉनच्या दोऱ्याने, खिळे मारावयाचे की नाही आणि टाचेखाली रबर लावावयाचे की चामडे, या त्या होत. नायलॉनचा दोरा मजबूत असला तरी तो चामड्याहून कठीण असल्याने ताण पडल्यावर भोके कापत जातो. टाचेखाली रबर लावल्याने मूळ स्वरूप थोडे बदलते, पण गुळगुळीत फरशीवर घसरण्याचा धोका कमी होतो व झीज मंदावते. कोणता पर्याय निवडावा हे वापरावर अवलंबून असते.

== पावसाळ्यातील काळजी ==

कोल्हापुरी चप्पल ही मूलतः कोरड्या हवेसाठी असून पावसाळ्यात ती बाजूला ठेवण्याचा प्रघात आहे. धानाच्या शेतीमुळे व तलावांमुळे पावसाळ्यात अधिकच दमट असणाऱ्या भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यांत हे पथ्य विशेष महत्त्वाचे ठरते. चप्पल ठेवण्यापूर्वी घासून स्वच्छ करावी, पूर्ण वाळू द्यावी आणि सुती कापडात किंवा कागदात गुंडाळून हवेशीर जागी ठेवावी. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडून बुरशी लवकर येते. अधूनमधून ती बाहेर काढून वारा देणे हितकारक असते.

चप्पल भिजल्यास ती चुलीजवळ, हीटरसमोर किंवा कडक उन्हात वाळवू नये. ओले वनस्पतिजन्य चामडे क्रोमने कमावलेल्या चामड्याच्या तुलनेने कमी तापमानाला आकसते. असे आकसलेले चामडे पूर्ववत होत नाही. भिजलेली चप्पल टिपकागदाने किंवा जुन्या वर्तमानपत्राने टिपून, कडेवर उभी ठेवून सावलीत वाळवावी.

== संक्षिप्त मार्गदर्शन ==

| लक्षण | स्वरूप | करावयाची कृती |
|---|---|---|
| व्रण, शिरा, सुरकुत्या | नैसर्गिक खूण | काही करू नये |
| छटेतील किंचित फरक | नैसर्गिक खूण | वापराने कमी होतो |
| टाक्यांतील किंचित असमानता | हातकामाची खूण | काही करू नये |
| चावणे | तात्पुरती अडचण | थोडे तेल, मर्यादित वापर |
| पाण्याचे वर्तुळ, वरवरचा ओरखडा | किरकोळ दोष | घरगुती उपाय |
| सुटलेली कड, उसवलेला टाका (वापरानंतर) | किरकोळ दोष | चर्मकाराकडून दुरुस्ती |
| नव्या जोडातील तुटका सांधा | दोष | विक्रेत्याकडून दुरुस्ती किंवा बदली |
| मापातील मोठा फरक, कच्चे चामडे | मूलभूत दोष | परत करणे |
| पुठ्ठा किंवा रेक्झीन | फसवणूक | परत करणे, तक्रार |

== परतावा व ग्राहकाचे हक्क ==

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. वस्तूचा दर्जा, प्रमाण, शुद्धता किंवा मानक यांतील, कायद्याने अथवा कराराने अपेक्षित असलेली किंवा विक्रेत्याने दावा केलेली बाब उणी असणे, अशी ‘दोषा’ची व्यापक व्याख्या त्यात आहे. त्यामुळे ‘पूर्ण चामड्याची’ म्हणून विकलेल्या चपलेत पुठ्ठा निघाल्यास तो कायद्याच्या दृष्टीनेही दोष ठरतो. कातड्यावरील भरलेल्या व्रणाबाबत मात्र असे म्हणता येणे कठीण आहे, कारण विक्रेत्याने निष्कलंक पृष्ठभागाचा दावा केलेला नसतो.

सदोष वस्तू पावतीत नमूद केलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नमूद नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्यास व रक्कम परत करण्यास नकार देणे ही या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावती न देणे हीदेखील अनुचित प्रथा मानली जाते. म्हणून महागड्या जोडाची पावती जपून ठेवणे आणि वापर सुरू करण्यापूर्वी दोषाची छायाचित्रे काढून ठेवणे उपयुक्त असते.

विक्रेत्याकडून दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर संपर्क साधता येतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली. त्यामुळे तुमसर तालुक्यातील नाकाडोंगरीसारख्या, कोल्हापूरपासून राज्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या गावातील ग्राहकाने घरपोच मागवलेली चप्पल सदोष निघाल्यास त्याला कोल्हापूर गाठण्याची गरज नाही. भंडारा येथील आयोगाकडे तो दाद मागू शकतो.

== कारागिरांवरील परिणाम ==

चप्पल दुकानात प्रत्यक्ष पाहून घेण्याच्या पद्धतीत ग्राहक व विक्रेता यांच्यात जागेवरच समजूत होते. कोल्हापुरातील चप्पल लाइनसारख्या बाजारात ग्राहक पसंतीचा जोड निवडतो व पट्टा तेथल्या तेथे सैल किंवा घट्टही करून घेऊ शकतो. घरपोच विक्रीत ग्राहकासमोर असते ते केवळ एका नमुन्याचे छायाचित्र. हाती आलेला जोड त्या छायाचित्राहून छटेने किंवा वेणीने किंचित वेगळा असला की तो सदोष समजून परत पाठवला जाण्याची शक्यता वाढते.

मजुरी नगावर ठरलेली असल्यास परत आलेल्या जोडाचा भार व्यापाऱ्याकडून कारागिराकडे सरकू शकतो. कातडे कमावण्याचे आठवडे आणि शिवणाचे श्रम एका पुसट रेषेसाठी वाया जातात. याउलट, कच्चे चामडे किंवा पुठ्ठा ‘हातकाम आहे, असे चालायचेच’ या सबबीखाली खपवला गेल्यास प्रामाणिक कारागिराच्या मालावरचा विश्वास उडतो व तो स्वस्त नकलेशी स्पर्धेत मागे पडतो. खूण आणि दोष यांतील भेद विक्रेत्याने आधीच सांगणे व ग्राहकाने समजून घेणे या दोन्ही गोष्टी म्हणूनच कारागिराच्या हिताच्या ठरतात. मालाच्या वर्णनात छटेतील फरक, नैसर्गिक व्रण व करकर यांचा स्पष्ट उल्लेख केल्यास पुष्कळ वाद टळतात.

दुरुस्तीचाही या अर्थव्यवहारात वाटा आहे. पारंपरिक कोल्हापुरी चपलेचा तळ, टाच, अंगठा व पट्टा हे भाग स्वतंत्रपणे बदलता येतात. त्यामुळे चांगला जोड अनेक वर्षे वापरता येतो आणि गावोगावच्या चर्मकारांना काम मिळते. साच्यात ओतलेल्या तळाच्या पादत्राणांत अशी सोय सहसा नसते.

== अन्यत्र ==

किमती पादत्राणांतील किरकोळ उणिवांचा प्रश्न इतर देशांतही आहे. चामडी बुटांसाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडमधील नॉर्दम्प्टन येथे लहानशा उणिवा असलेले जोड ‘सेकंड्स’ म्हणजे दुय्यम प्रत म्हणून कारखान्यांच्या स्वतःच्या दुकानांत कमी किमतीला विकले जातात. त्यामुळे माल वाया जात नाही आणि ग्राहकास उणीव आधीच ठाऊक असते. अशा प्रतवारीमुळे नाकारलेल्या मालालाही किंमत मिळते व त्याचा संपूर्ण भार एकट्या कारागिरावर पडत नाही.

== हे सुद्धा पहा ==

* कोल्हापुरी चप्पल
* भौगोलिक मानांकन
* कातडे कमावणे
* चर्मोद्योग
* बाभूळ
* हिरडा
* ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९